मॅलिनॉइसचं नंतर बघू, आधी तो तीन लाखांचा मेसेज

जुळे सोलापूरच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. त्यातली साडेतीन पानं कुत्र्यावर आहेत. थोडक्यात असं: मुलगा नववीत. त्याला कुत्र्याला अडथळ्यांवरून पळवायचा खेळ, म्हणजे अ‍ॅजिलिटी, शिकायचाय. ताई स्वतः रोज पहाटे चालायला जातात, सोबत हवी आहे. पुण्याजवळच्या एका ब्रीडरकडे बेल्जियन मॅलिनॉइसचं पिल्लू ६५ हजारांना आहे, 'केसीआय पेपरसकट', म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीच्या कागदासह. बॉर्डर कोली ४५ हजारांना. मंगळवेढ्याकडचे एक ओळखीचे शेतकरी कारवान या देशी शिकारी जातीचं पिल्लू १२ हजारांना देतायत. ६५ हजार जास्त वाटतात, पण ब्रीडर म्हणतो, नर मोठा झाला की स्टड फीमधून, म्हणजे माद्यांशी जोड लावायच्या पैशातून, दोन वर्षांत वसूल. २० हजार अ‍ॅडव्हान्स या रविवारच्या आत पाठवायचे आहेत. प्रश्न: पाठवू का?

नका पाठवू. पण ते नंतर.

ताई, तुमच्या चौथ्या पानावर खाली तीन ओळी आहेत. तुम्ही त्या बहुतेक मला धीर द्यायला लिहिल्यात. "पैशांची तशी काळजी नाही. माहेरच्या प्लॉटचे ३ लाख आले ते ऑगस्ट २०२५ मध्ये बँकेत एफडी करायला गेले होते, तिथल्या मॅडमनी एफडीपेक्षा चांगली स्कीम दिली, १५ वर्षांनी ५२ लाख. आता २ ऑगस्टला ३,००,००० भरा असा मेसेज आलाय, पण माझ्या पावतीवर ३,१३,५०० आहेत, त्यामुळे तो चुकून आला असावा."

मेसेज चुकून आलेला नाही.

पावतीवरचे ते जादाचे १३,५०० नीट बघा. ३ लाखांवर साडेचार टक्के. तो जीएसटी आहे. एफडीवर जीएसटी लागत नाही. पारंपरिक आयुर्विमा पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावर तेव्हा साडेचार टक्के लागायचा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणून या वर्षीचा आकडा गोल ३ लाख दिसतोय. तुमच्याकडे एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. आणि तिचा हप्ता एकदाचा नाही. पत्रासोबत तुम्ही पहिल्या पानाचा जो फोटो पाठवलाय, त्यात 'प्रीमियम भरण्याची मुदत: १० वर्षे' असं स्वच्छ छापलंय. दरवर्षी ३ लाख, दहा वर्षं. एकूण ३० लाख भरलेत, तर पंधराव्या वर्षाअखेर ५२.

तुम्हाला वाटलं ३ चे ५२. थोडं गणित करू. ३ लाखांचे १५ वर्षांत ५२ लाख व्हायचे तर वर्षाला जवळजवळ २१ टक्के, तेही सलग पंधरा वर्षं, तेही हमीनं. असं कोणी देत असतं तर त्या मॅडम नोकरी सोडून घरी बसल्या असत्या. ३० लाख टप्प्याटप्प्यानं भरून ५२ लाख हा खरा सौदा, आणि त्याचा परतावा येतो वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. साधी एफडी यापेक्षा बरी होती. तुम्ही त्यासाठीच गेला होतात.

आता तुमचंच बजेट. घरात दोघांचे मिळून हातात ८५ हजार. घराचा हप्ता २६, घरखर्च ४२, मुलाचा क्लास ५. उरले १२. वर्षाला दीड लाखही नाहीत. यातून ३ लाखांचा हप्ता भरणार कुठून? मॅडमनी फोनवर गोल्ड लोन सुचवलंय, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. साडेनऊ-दहा टक्क्यांनी सोनं गहाण टाकून सव्वापाच टक्क्यांत पैसे घालायचे! आणि पुढच्या ऑगस्टला परत तेच. पहिले तीन वाचवायला दुसरे तीन, मग सहा वाचवायला आणखी तीन. अशी माणसं माझ्या ऑफिसात वर्षाला चार-पाच तरी येतात, बहुतेक तिसऱ्या हप्त्यानंतर. तुम्ही पहिल्यानंतर लिहिलंत, तेही कुत्र्याच्या निमित्तानं.

मग करायचं काय? दुसरा हप्ता भरायचा नाही. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेव्हा २ ऑगस्टला काही आभाळ कोसळत नाही. पॉलिसी परत करायचा 'फ्री लूक' काळ, कागद हातात पडल्यापासून ३० दिवस, तो केव्हाच गेला. त्यामुळे आता दोन वाटा.

पहिली तक्रारीची. आधी विमा कंपनीकडे लेखी, प्रत बँकेला. 'पॉलिसी आवडली नाही' असं लिहू नका. लिहा की मी मुदत ठेवीसाठी गेले होते, एकदाच भरायचे असं सांगून मला दहा वर्षांची पॉलिसी दिली, आणि माझं उत्पन्न हा हप्ता पेलणारं नाही. मॅडमनी पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीमागे निळ्या पेनानं '३ लाख → ५२ लाख' लिहून दिलंय असं तुम्ही म्हणता. ती स्लिप कुलपात ठेवा. तिचा फोटो काढा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज जपा. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा तोच. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाची, प्रत मागा आणि उत्पन्नाच्या रकान्यात काय भरलंय ते वाचा. सही तुमची असली तरी आकडे बऱ्याचदा दुसऱ्याच्या हातचे असतात. तीच तक्रार विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही टाका. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे विमा लोकपाल. सोलापूर जिल्हा त्यांच्या पुणे कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत जायचं. एक अडचण आत्ताच सांगतो: कंपनीकडून पडताळणीचा फोन आला असणार आणि 'हो, हो, समजलं' म्हणून तुम्ही ठेवला असणार. ते रेकॉर्डिंग ते काढतील. तरी तक्रार करा. पूर्ण रक्कम परत मिळाल्याची प्रकरणं माझ्या फायलींत आहेत, न मिळाल्याचीही आहेत.

दुसरी वाट सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद करून जे मिळेल ते घ्यायची. पूर्वी एकच हप्ता भरून थांबलं की जवळजवळ सगळं बुडायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला: पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल आणि ते वर्ष पूर्ण झालं असेल, तर काहीतरी विशेष सरेंडर मूल्य द्यावंच लागतं. तुमची पॉलिसी त्यानंतरची. २ ऑगस्टनंतर आकडा लेखी मागा. माझा कच्चा अंदाज पावणेदोन ते दोन लाख. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास गेले. जवळजवळ दोन मॅलिनॉइस गेले समजा. पण घाई करून आधी सरेंडर करू नका. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबा, नाहीतर भांडायला हातात काही उरत नाही.

जे काही परत येईल ते खरोखरच्या एफडीत ठेवा आणि त्याला हात लावू नका. तुमच्याकडे अडीअडचणीचा दुसरा पैसा नाही. यजमानांच्या टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणाऱ्या साध्या विम्याचा, तर पत्रात उल्लेखच नाही. १२ हजारांतला पहिला खर्च तो.

आता कुत्रं.

पिल्लाची किंमत हा या सगळ्यातला सगळ्यात लहान आकडा. मॅलिनॉइसचं खाणं, लसी, जंताचं औषध, गोचिडांचे थेंब, डॉक्टर, आणि महिन्यातून दोनदा सरावाला पुण्याची जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरची फेरी, सगळं धरून महिना ९ हजार. वर्षाला लाखावर. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, म्हणजे ११ ते १३ लाख. तुमच्या १२ हजारांतले ९ गेले. कारवानला, पुण्याच्या फेऱ्या वगळून, ४ हजारांत भागेल.

आणि मॅलिनॉइस हा पोलीस-लष्कराच्या कामाचा कुत्रा. त्याला रोज दोन तास डोक्याचं आणि अंगाचं काम लागतं. नाही मिळालं तर तो स्वतःच काम शोधतो: सोफा, दार, शेजाऱ्याची पोटरी. तुमचा मुलगा पुढच्या वर्षी दहावीत. कोली त्याहून गोड, पण तोही मेंढ्या वळणारा कुत्रा, त्यालाही काम हवं, आणि अंगावर थंड देशातले केस. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ वर आणि नळाला रोज पाणी नाही. होटगी रोडला माझे एक क्लायंट हस्कीसाठी हॉलचा एसी दिवसभर चालू ठेवतात; त्यांचं उन्हाळ्यातलं वीजबिल मी बघितलंय, त्यांच्या महिन्याच्या एसआयपीपेक्षा, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या हप्त्यापेक्षा, मोठं होतं.

स्टड फीचं स्वप्न आजच सोडा. आपल्या शहरात मॅलिनॉइसच्या माद्या किती, आणि त्यातल्या किती जणी अनोळखी नरासाठी पैसे मोजून येणार? शिवाय पैदाशीचा धंदा करायचा तर २०१७ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तुमच्या ब्रीडरकडे ती आहे का, हा पहिला प्रश्न. तो पिल्लू '४५ दिवसांत देतो' म्हणतोय. त्याच नियमांत ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, म्हणजे ५६ दिवस. आई दाखवायला सांगितली तर 'ती दुसऱ्या फार्मवर असते'. मग दुसऱ्या फार्मवर जाऊ म्हणा. आईबापांच्या कमरेच्या सांध्याचे एक्स-रे मागा. केसीआयचा कागद म्हणजे जन्मदाखला. त्यावर वंश कळतो, तब्येत कळत नाही. आणि रविवारची मुदत? बँकेतल्या मॅडमनीही 'स्कीम आज बंद होतेय' म्हटलं होतं, नाही का?

मंगळवेढ्याचं कारवान मला पटतं, अटींवर. हा इथल्या उन्हातला, इथल्या माळावरचा कुत्रा. केस आखूड, आजार कमी. याचाच भाऊबंद तो मुधोळ, ज्याच्यावर २००५ साली टपाल तिकीट निघालं. जातिवंत आणि नोंदीचंच हवं असेल तर विजापूरच्या पुढे मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. एक मात्र आहे, हा नजरेनं शिकार धरणारा कुत्रा, म्हणजे साइटहाउंड. शेळी-मांजर पळताना दिसलं की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. अडथळ्यांच्या खेळात तो कोलीच्या जवळपासही जाणार नाही. सरळ पळण्यात मात्र कोली मागे राहील. पहाटे पट्टा लावून तुमच्यासोबत चार किलोमीटर जाईल आणि मग दिवसभर झोपेल. आणि ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना 'हा साइटहाउंड आहे' असं आधी सांगा, या बांध्याच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात.

ते शेतकरी 'याची आई ससा धरते' असं कौतुकानं सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. ते कौतुक तिथेच राहू द्या. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे फिरायला गेलात तर कुत्रं घरी ठेवा.

तोपर्यंत मुलाला एक काम द्या. तुमच्या गल्लीत एक पिवळी कुत्री तुमच्या मागे फाटकापर्यंत येते, असं पहिल्या पानावर लिहिलंय. तिला 'बस', 'थांब', 'ये' एवढं तीन महिन्यांत शिकवू दे. कुत्रीला अँटीरेबीजची लस आधी द्या. पाइपचे तुकडे आणि दोन विटा एवढ्यात पहिला अडथळा होतो. दिवाळीपर्यंत तो रोज सकाळी उठला, तर मंगळवेढ्याला फोन करा.

प्रपोजल फॉर्मची प्रत हातात आली की उत्पन्नाच्या रकान्यातला आकडा मला कळवा.