ऑटो टायट्रेटर आणि हातातलं ब्युरेट, दोघांची उत्तरं वेगळी आली तर खरं कुणाचं धरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात कुंडईला खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) नवीन लागलात, माडाच्या सुरेच्या (माडीच्या) व्हिनेगरची ॲसिडिटी काढायचं काम आलंय. फिनॉल्फ्थॅलीन (आम्ल संपलं की गुलाबी होणारं द्रव्य) घालून हाताने टायट्रेशन केलं, म्हणजे ब्युरेट या रेघांच्या काचनळीतून आम्ल संपेपर्यंत अल्कली सोडून ती मोजली, तर ४.०४ टक्के येतं आणि हेच काम आपोआप करणाऱ्या ऑटो टायट्रेटरवर ४.०१. सर म्हणतात मशीन बरोबर, तुमचं मन म्हणतं गुलाबी रंग तर मी डोळ्यांनी पाहिला. आणि मशीनवर टायट्रेशन नीट कसं करायचं, हेही विचारलंय.

मी वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात चौदा वर्षं क्यूसीत आहे. व्हिनेगर आमच्याकडे जेवणाच्या डब्यातच येतं, पण टायट्रेटर रोजचा. तुम्ही प्रिंटआउटचा फोटो टाकलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे.

प्रिंटआउटवर मशीनने घेतलेलं आकारमान १३.४६ मिली आहे, ब्लँक (नमुन्याशिवाय नुसत्या पाण्याला लागलेली अल्कली) ०.०४ आणि फॅक्टर (अल्कलीची खरी ताकद बाटलीवर लिहिलेल्या ताकदीच्या किती पट, तो आकडा) ०.९९६. हाताच्या ब्युरेटवर तुम्ही वाचलंत १३.४५. म्हणजे दोघांत फरक फक्त ०.०१ मिलीचा! साध्या ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेघा असतात, मधलं आपण अंदाजाने वाचतो, त्यामुळे याहून जवळ येणं माणसाला शक्यच नाही. तुमचा हात उत्तम आहे. गडबड गणितात झालीय.

०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे आपल्या अल्कलीचा, १ मिली म्हणजे ६.००५ मिलिग्रॅम ॲसिटिक ॲसिड. नमुना २ मिली घेतलात. तुम्ही १३.४५ ला सरळ ६.००५ ने गुणलंत, २ ने भागलंत, मिलीमागे ४०.४ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलीत ४.०४ ग्रॅम, म्हणून ४.०४ टक्के आलं. मशीनने आधी ब्लँक वजा केला, १३.४२ राहिले. त्याला ०.९९६ ने गुणलं, मग ६.००५ ने, आणि ४.०१ काढलं. बाटलीवर ०.१ लिहिलंय म्हणून आत ०.१ असतंच असं नाही, आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही थोडा अल्कली खातो. म्हणजे या वेळी सर बरोबर आहेत, पण ते म्हणतात त्या कारणाने नाही. अन्नसुरक्षा नियमांत व्हिनेगरला किमान ३.७५ टक्के ॲसिटिक ॲसिड लागतं, त्यामुळे ४.०४ काय नि ४.०१ काय, बॅच पासच. पण उद्या एखादी बॅच ३.७४ वर आली आणि तुमच्या गणिताने तिचं ३.७७ झालं, तर?

आता मशीनकडे येऊ. मशीन मेटलर कंपनीचं असो की मेट्रोमचं, बटणं वेगळी, आतला कारभार एकच. पिस्टनचं ब्युरेट थेंबाथेंबाने अल्कली सोडतं, काचेचा इलेक्ट्रोड मिलिव्होल्ट सांगतो, आणि मशीन दोन्हींचा आलेख काढतं. बीकरमध्ये व्हिनेगर आहे की शहाळ्याचं पाणी, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून मी नव्या मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, निकालाचा आकडा बघण्याआधी आलेख बघा.

सुरुवात फॅक्टरपासून करा. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, लॅबच्या बोलीत केएचपी, १२० अंशांवर दोन तास सुकवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार केलेलं घ्या. त्याचं रेणुभारमान २०४.२२. साधारण ०.२५ ग्रॅम अचूक तोलून घेतलंत तर ०.१ मोलर अल्कली सव्वाबारा मिलीच्या आसपास जाते. २० मिलीचं ब्युरेट असेल तर हे माप बरोबर मधोमध बसतं. दोन-तीन मिलीत टायट्रेशन संपलं तर चुकीचा वाटा मोठा होतो, आणि २० च्या पुढे गेलं तर मशीन मध्येच ब्युरेट भरून घेतं, ते टाळलेलं बरं. पाणी उकळून गार केलेलं वापरा. निदान तीन वेळा करा. माझ्या तीन फॅक्टरांत ०.२ टक्क्यांहून जास्त फरक आला तर मी पुढे जात नाही, कारण शोधते. आणि फॅक्टर एसीत काढून नमुने लाइट गेलेल्या खोलीत करू नका. द्रावण आठ अंशांनी तापलं की आकारमान जवळजवळ ०.२ टक्के वाढतं.

इलेक्ट्रोडवर जरा जास्त बोलते, कारण निम्मी दुखणी तिथेच असतात. रोज सकाळी बफरवर, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांवर, कॅलिब्रेशन करायचं, ४.०१, ७.०० आणि ९.२१ किंवा १०.०१. २५ अंशांना एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट यायला हवेत, त्याच्या किती टक्के येतात तो स्लोप. आमच्याकडे ९५ ते १०५ चालतो. एका वर्षी चवथीची सुट्टी संपवून, नेवऱ्यांचे डबे घेऊन आम्ही परतलो आणि सकाळी स्लोप आला ८९. जाण्याआधी कुणीतरी इलेक्ट्रोड ‘स्वच्छ राहावा’ म्हणून डिस्टिल्ड वॉटरच्या बीकरमध्ये ठेवून गेलं होतं. सगळ्या दिवसांत आतले क्षार हळूहळू पाण्यात उतरले, काचेवरचा ओला थरही बिघडला. तो इलेक्ट्रोड एक दिवस पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवल्यावर थोडा सावरला, पण आळशीच राहिला, शेवटी नवा मागवावा लागला. ठेवायचा तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच. टिश्यूने घासायचा नाही, नुसतं टिपून घ्यायचं. आणि वरचं भरण्याचं छिद्र टायट्रेशन चालू असताना उघडं हवं, नाहीतर आतलं द्रावण झिरपत नाही आणि आकडा तरंगत राहतो. हे रबरी बूच उघडायचं विसरणं ही इतकी साधी चूक आहे की मी स्वतः आजही महिन्यातून एकदा करते.

दुसरं दुखणं हवेचं. माझ्या पहिल्या वर्षी एकाच नमुन्याचे तीन निकाल घेतले, दोन एकमेकांना चिकटलेले आणि तिसरा दोन टक्के वर. मी नमुन्यालाच दोष देत बसले होते. शेजारची जुनी केमिस्ट आली, म्हणाली, ‘मशीन फटी मारता गो,’ (मशीन थापा मारतंय गं) आणि ब्युरेटच्या काचेवर बोट ठेवलं. पिस्टनच्या वर, अगदी झडपेखाली, वाटाण्याएवढा फुगा बसला होता. बाटलीतून येणाऱ्या नळीचा जोड सैल, त्यामुळे भरताना हवा ओढली जात होती. मशीनच्या लेखी पिस्टन सरकला म्हणजे अल्कली गेली, प्रत्यक्षात पाव मिली हवा गेली. तुमच्या आकड्यांत सांगायचं तर ४.०१ चं ४.०९ होईल. निकाल नेहमी वाढीव येतो, कमी कधीच नाही, यावरूनही ओळखता येतं. दिवसाची पहिली कामगिरी म्हणून ब्युरेट दोन-तीनदा पूर्ण भरून रिकामं करा, नळ्या उजेडात धरून बघा. गॉगल घालून. असं रिकामं करताना टोक बीकरबाहेर राहिलं तर अल्कली कुठेही उडते.

मेथडमध्ये ‘डायनॅमिक’ निवडा. त्यात आलेख सपाट असतो तिथे मशीन मोठे घोट सोडतं, चढ लागला की लहान. मी व्हिनेगरसारख्या गोष्टीला लहानात लहान घोट ०.०२ मिली आणि मोठ्यात मोठा ०.३ ठेवीन. अंदाजे चाळीस टक्के अल्कली आधीच एकदम घालून घेता येते, वेळ वाचतो. प्रत्येक घोटानंतर आकडा स्थिर व्हायची वाट बघायची, म्हणजे एका सेकंदात अर्ध्या मिलिव्होल्टहून जास्त हलला नाही की पुढचा घोट. घाई केलीत तर इलेक्ट्रोड मागे पडतो, मशीन पुढे निघून जातं. बीकरमध्ये इलेक्ट्रोडची काच आणि जोड दोन्ही बुडतील इतकं, पन्नास-साठ मिली पाणी. अल्कलीचं टोक द्रावणात बुडलेलं हवं, आणि टोकातून निघालेला थेंब आधी ढवळला जाऊन मगच इलेक्ट्रोडपर्यंत पोचेल अशी जागा द्या. स्टरर इतका जोरात नको की भोवरा पडून हवा आत ओढली जाईल.

मग येतो आलेख. आकारमान आडवं, पीएच उभा. इंग्रजी एस आडवा ताणल्यासारखी रेषा दिसते, आणि तिच्या सर्वांत उभ्या जागी समतुल्य बिंदू, म्हणजे आम्लाला पुरेल नेमकी तेवढी अल्कली पडल्याची जागा, जी मशीन उताराचा शेंडा (चढ सर्वांत जास्त कुठे ते) शोधून पकडतं. तुमच्या व्हिनेगरला तो पीएच साडेआठच्या आसपास यायला हवा. आणखी एक तपासणी फुकटात मिळते. एकूण १३.४६ मिली लागले ना? त्याच्या निम्म्यावर, ६.७३ मिलीला, पीएच किती होता ते बघा. ॲसिटिक ॲसिडचा पीकेए, म्हणजे निम्मं आम्ल संपलं की येणारा पीएच, ४.७६, तेव्हा तिथे पीएच त्याच्या जवळ हवा. सुरेच्या व्हिनेगरमध्ये थोडी इतर आम्लंही असतात, त्यामुळे दशांश-दोन दशांश इकडेतिकडे चालेल. पण तिथे ४.२ किंवा ५.३ दिसला तर शेवटचा आकडा कितीही गोंडस असला तरी थांबा. एकतर इलेक्ट्रोड खोटं बोलतोय, नाहीतर बाटलीत व्हिनेगर नाही. ही सोय रंगाच्या टायट्रेशनमध्ये नाही. तिथे रंग फक्त शेवट सांगतो, वाटेत काय घडलं ते नाही.

पावसाळ्याचं एक सांगायलाच हवं. एका जुलैत आमचा फॅक्टर आठवड्या-आठवड्याने उतरत ०.९९८ वरून ०.९८९ वर आला. टायट्रंटच्या, म्हणजे अल्कलीच्या, बाटलीवर सोडालाइमची (हवेतला कार्बन डायऑक्साइड अडवणाऱ्या दाण्यांची) नळी होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. नळी काढून पाहिली तर आतले दाणे भिजून, वाळून दगड झालेले. शेवटचे कधी बदलले याची नोंदच नव्हती. अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्याचं कार्बोनेट होतं, आणि फिनॉल्फ्थॅलीनच्या पीएचपर्यंत कार्बोनेट एकाच हायड्रोजनचं काम करतं, दोनाचं नाही. त्यामुळे टायट्रंट अशक्त झाल्यासारखा वागतो. शंका असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिडवर हाच टायट्रंट चालवून बघा. स्वच्छ अल्कलीला एकच उंच शेंडा येतो, कार्बोनेट झालेल्या अल्कलीला शेजारी एक छोटा कुबडही उठतो. आम्हाला तो कुबड स्पष्ट दिसला, आणि पाच लिटर द्रावण ओतून द्यावं लागलं.

तुमच्याकडे आगळ (कोकमाचा घट्ट रस) किंवा कोकम सरबतही तपासायला येत असेल, तर तिथे हात आणि मशीन यांची तुलनाच करू नका. कोकमाचा लाल रंग स्वतःच पीएचप्रमाणे बदलतो. सोलकढीचा गुलाबी आणि आगळाचा गडद लाल यांत नारळाचं दूध तर आहेच, पण कमी झालेलं आम्लही आहे. अल्कली पडली की तो जांभळा, मग मळकट हिरवट होत जातो, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी कुणाला दिसणार? शिवाय त्यातलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक, तीन टप्प्यांनी हायड्रोजन सोडणारं, टप्पे एकमेकांत मिसळलेले. फळांच्या रसांसाठी सरळ ठरावीक पीएचपर्यंत, बहुधा ८.१ पर्यंत, टायट्रेशन करतात. त्यासाठी मेथडमध्ये ‘एंडपॉइंट’ हा पर्याय असतो. मात्र तिथे मशीन तुमच्या बफर कॅलिब्रेशनवर पूर्ण विसंबून असतं, कारण शेंडा शोधायचा नसून नेमका ८.१ गाठायचा असतो. व्हिनेगरला कॅलिब्रेशन थोडं सरकलं तरी शेंड्याची जागा बदलत नाही, कोकमाला मात्र थांबायची जागाच बदलते. गंमत म्हणजे १९३४ मध्ये आर्नल्ड बेकमन यांनी पीएच मीटर बनवला तो अशाच अडचणीतून. कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसात टिकण्यासाठी सल्फर डायऑक्साइड घालत, तो लिटमसचा रंगच उडवून टाकी.

एक सूचना कामाच्या जागेची. निकाल मनासारखा आला नाही म्हणून तोच नमुना येईल तोवर चालवू नका आणि समतुल्य बिंदू हाताने सरकवू नका. सॉफ्टवेअर सगळं लिहून ठेवतं, ऑडिटवाल्यांना ते आधी दिसतं. काही खटकलं तर आलेखाचा प्रिंट घेऊन सरांकडे जा.

आता तुमचं उद्याचं काम. हाताच्या पद्धतीने फक्त पाण्याचा ब्लँक करा, तोही ०.०४ च्या जवळ आला तर १३.४५ मधून वजा करा आणि तोच ०.९९६ फॅक्टर लावा, ४.०१ येईल. लॉगबुकातलं ४.०४ खोडू नका, व्हाइटनर तर मुळीच नको. त्यावर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता यायला हवा, बाजूला नवा आकडा, ‘फॅक्टर व ब्लँक धरले नव्हते’ असं कारण, सही आणि तारीख. आणि जमलं तर त्या बाटलीवरच्या सोडालाइमच्या नळीत एकदा डोकावून बघा.