राज्यशास्त्र घेतलं, आता पत्रकारिता जमेल का?

प्रश्न : मी परभणीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. शीला कोरोनेल या फिलिपिनो पत्रकार-प्राध्यापिकेबद्दल वाचल्यापासून तेच करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, विषयच चुकला, आता बी.एड. कर. खरंच चुकला का?

उत्तर : मुळीच नाही. कोरोनेल यांची पदवीही राज्यशास्त्राचीच, युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपीन्सची. बातमीदारी त्या १९८२ पासून मनिलात काम करता करता शिकल्या, तेही हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीत. १९८९ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी शोधपत्रकारितेचं केंद्र उभं केलं.

राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडा यांची संपत्ती या केंद्राने २००० साली कशी शोधली, ते नीट बघ. कंपनी नोंदणीचे कागद काढले आणि संचालकांची नावं एकेक करून वाचली. एस्ट्राडा आणि त्यांच्या कुटुंबीयांची नावं असलेल्या ६६ कंपन्या निघाल्या. मग हे सगळं त्यांनी जाहीर केलेल्या मालमत्तेशी ताडून पाहिलं. महाभियोगाच्या तक्रारीत या बातम्यांचा आधार होता आणि जानेवारी २००१ मध्ये एस्ट्राडा पायउतार झाले. सत्ता कुठे आणि कशी मुरते हे कळणाऱ्यालाच असे कागद बोलके होतात. तू वर्गात तेच तर शिकते आहेस!

कोरोनेल यांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपले ग्रामीण पत्रकार पी. साईनाथ यांना २००७ मध्ये मिळाला तो याच, म्हणजे पत्रकारिता-साहित्याच्या विभागात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्या २००६ मध्ये शिकवायला गेल्या. म्हणजे आधी चोवीस वर्षं बातम्या, मग प्राध्यापकी.

बाबांची काळजी मात्र खोटी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सुरुवातीला पगार तुटपुंजा असतो, हे मी लपवणार नाही. म्हणून पदवीनंतर पत्रकारितेत एम.ए. कर, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहेच, आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देऊन टाक. शिकवण्याचा रस्ता त्याने उघडा राहतो. दीर्घ अनुभव असलेल्यांसाठी यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पदही आणलंय, पण ती फार पुढची गोष्ट.

या सुट्टीत एवढं कर. २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही विधानसभा लढवलेला तुमच्या भागातला एखादा उमेदवार निवड. त्याने अर्जासोबत दिलेली मालमत्तेची दोन्ही शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घे. जमिनीचे गट क्रमांक वहीत समोरासमोर लिही, सातबारा काढून पडताळ. बाबांनाही शेजारी बसव. सातबारा त्यांना तुझ्यापेक्षा लवकर वाचता येईल. जिथे मेळ बसणार नाही, त्या ओळी मला लिहून पाठव.