पौलाची पत्रे कुठून वाचायला घ्यावीत?

प्रश्न: बोरिवली ते चर्चगेट लोकलमध्ये मी रोज नव्या कराराचा एक अध्याय वाचतो. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाशी अडलो आहे. नेटाने पुढे जावे की सोडून द्यावे?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: सोडू नका, पण ते पत्र तूर्त बाजूला ठेवा. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रे बायबलमध्ये काळानुसार लावलेली नाहीत. मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांना, लिहिलेली आधी, व्यक्तींना लिहिलेली नंतर, आणि दोन्हींत साधारण मोठ्याकडून लहानाकडे असा क्रम आहे. १६ अध्यायांचे रोमकरांस पहिले आले ते लांबीमुळे. लिहिले गेले मात्र इ.स. ५७च्या सुमारास, पौलाच्या बऱ्याच प्रवासानंतर.

आधी नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचे अध्याय १७ आणि १८ वाचा आणि लगेच थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र घ्या. ते करिंथहून साधारण इ.स. ५०-५१ मध्ये लिहिले असे बहुतेक अभ्यासक मानतात. कृत्ये १८:१२ (अध्याय १८, वचन १२) मधल्या, पौल करिंथमध्ये असतानाच्या गल्लियो या रोमन सुभेदाराचे नाव डेल्फीच्या शिलालेखात सापडल्याने हा काळ ठरवता आला. पाचही अध्याय एका बैठकीत वाचा, वीस मिनिटे पुरतात. हे पत्र सर्वांना वाचून दाखवा, असे पौलच ५:२७ मध्ये बजावतो. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, म्हणून रोज एक घेतला की युक्तिवाद मध्येच तुटतो.

त्यानंतर करिंथकरांस पहिले, पण हातात पेन्सिल घेऊन. त्या मंडळीने पौलाला पत्र पाठवले होते आणि ७:१ पासून तो त्याची उत्तरे देतो. ‘अमुक गोष्टीविषयी’ असा नवा विषय ७:१, ७:२५, ८:१, १२:१, १६:१ आणि १६:१२ येथे निघतो. तिथे खुणा करा. हे ध्यानात न घेतल्यास गफलत होते. ८:१ मधले ‘आपल्या सर्वांना ज्ञान आहे’ हे बहुधा करिंथकरांचेच म्हणणे आहे. पौल लगेच त्याला अडवतो: ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते. लग्नात वाचला जाणारा तेरावा अध्यायही बारा आणि चौदाच्या मध्ये ठेवून पाहा. कोणाचे कृपादान, म्हणजे देवाने दिलेली खास देणगी, मोठे यावरून भांडणाऱ्या माणसांना तो लिहिलेला आहे. हे कळल्यावर त्यातली ‘प्रीती सहनशील आहे’ ही ओळ कितीतरी जड वाटते.

मग रोमकरांसकडे परता. १५:२२-२९ आधी वाचा. रोमवरून स्पेनला जाण्याचा बेत आणि त्यासाठी हवे असलेले साहाय्य तिथे कळते. अध्याय ९ ते ११ मात्र एकाच प्रवासात वाचा. स्वजनांविषयीचे, म्हणजे यहुद्यांविषयीचे, जे दुःख पौल ९:२ मध्ये मांडतो, त्याचे उत्तर ११:२५ पर्यंत येत नाही.