परदेशी मेसेजचे पैसे का कापले जातात?

प्रश्न : मुलगी लंडनला आहे. दोघींकडे आयफोन, तरी मेसेज पाठवल्यावर कधीकधी बॅलन्स कमी होतो. असं का?

उत्तर : मेसेजचा रंग पाहा. निळा म्हणजे आयमेसेज, तो इंटरनेटवरून जातो. हिरवा बहुधा एसएमएस असतो. इंटरनेट नसलं की फोन तोच मजकूर गुपचूप एसएमएसने पाठवतो, आणि पॅकमधले रोजचे १०० एसएमएस देशातल्या नंबरांसाठीच असतात. त्यात मराठीत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये ७०च अक्षरं मावतात (काना-मात्राही मोजल्या जातात). १५० अक्षरांच्या मजकुराला तीन एसएमएसचे पैसे पडतात!

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मेसेजेस इथे जाऊन 'सेंड अ‍ॅज टेक्स्ट मेसेज' बंद करा. जुन्या आयफोनवर मेसेजेस थेट सेटिंग्जमध्येच दिसेल. यानंतर न गेलेल्या मेसेजपुढे लाल खूण येईल. तेव्हा टेक्स्टचा पर्याय न निवडता नेट आल्यावर पुन्हा पाठवा.

आयमेसेज उगाच बंद-चालू करू नका. चालू होताना फोन नंबर पडताळायला स्वतःहून परदेशी एसएमएस पाठवतो, त्याचेही पैसे लागू शकतात. सिम बदलल्यावरही हेच होतं.