चार माणसांचे चार डाएट करत बसू का?

"मॅडम, मी नोकरी करू का चार जणांचं चार वेगळं शिजवत गॅसपाशी उभी राहू?" हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून इतक्या बायकांनी विचारलाय की तो ऐकला की मी आधी पाण्याचा ग्लास पुढे करते. पण या ताईंची केस डोक्यात राहिली, कारण त्यात घोळ माझाच होता. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

त्यांचे मिस्टर, वय ४६, सहा महिन्यांपूर्वी शुगर वाढली म्हणून माझ्याकडे आले होते. मी चार्ट दिला, पिष्टमय पदार्थ कमी, साखर बंद, तेल मोजून, दूध एकच कप, रात्री हलकं. एचबीए१सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा आकडा) ८.१ वरून ६.९ वर आलं, मी खूश, डॉक्टर खूश, मिस्टरांचं तर विचारूच नका. ताईंनी तो चार्ट फ्रिजवर चिकटवला आणि चांगलं ते सगळ्यांनाच चांगलं म्हणून अख्खं घर त्यावर आणलं. आणि मी मिस्टरांना एकदाही विचारलं नव्हतं की घरात अजून कोण जेवतं.

आता ताई सासूबाईंना घेऊन आल्या होत्या, वय ७२. "आई बारीक झाल्यात, पण वयाने होतंच ना?" वजन केलं तर ५३.५ किलो, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवर ५८. म्हणजे जवळजवळ ८ टक्के गेलं. मुद्दाम प्रयत्न न करता सहा महिने-वर्षभरात ५ टक्क्यांच्या वर वजन उतरलं तर ते वयाच्या नावावर खपवायचं नसतं, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं, तपासण्या झाल्या, थायरॉइड, शुगर, किडनी सगळं ठीक निघालं. आजींच्या बोटातल्या अंगठीला पांढरा दोरा गुंडाळलेला होता, सैल झाली म्हणून. मी त्याकडे बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "दातांनाही असाच दोरा बांधता आला असता तर बरं झालं असतं." कवळी पण ढिली झाली होती हो! चावायचं सगळं आपोआप बंद झालेलं, त्यात घरात रात्री हलकं म्हणजे नुसतं सूप, आणि घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही कारण आजी तक्रार करत नाहीत.

प्रौढ माणसाला दिवसाला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरतं असं धरतात, पण वय झालं की तेवढ्याच प्रोटीनमधून स्नायू पूर्वीसारखे बांधले जात नाहीत, म्हणून म्हाताऱ्या माणसांना १ ते १.२ ग्रॅम सांगतात. (किडनीचा आजार असेल तर हे गणित वेगळं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचं नाही.) आजींना ५५ ते ६५ ग्रॅम हवं होतं, आम्ही दोन दिवसांचं खाणं लिहून काढलं तर ३० पण भरेना.

मग ताईंना म्हटलं, पातेलं एकच राहू दे, ताट वेगळं करू. डाळ तीच, पण आजींची वाटी खालची घट्ट आणि वर चमचाभर तेल, मिस्टरांच्या ताटात भाजी दुप्पट. अंडं आजींना मऊ शिजवून, दुधात दूध पावडर, आणि हे सगळं एकाच जेवणात न कोंबता तीन वेळा वाटून. सोबत खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, झेपेल तेवढी, कारण स्नायूला काम दिलं नाही तर नुसतं खाऊन फार काही होत नाही. कवळीसाठी डेंटिस्ट, ते तर सगळ्यात आधी.

दुसऱ्या वेळी मुलगी पण आली, १५ वर्षांची, कायम आडवी पडलेली, अभ्यासात लक्ष नाही म्हणून घरात रोज भांडण. हिमोग्लोबिन १०.४, म्हणजे कमीच. या वयात मुलांना रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं तर मुलींना पाळीमुळे १५, आणि ही जेवण संपलं की लगेच आईबरोबर चहा घ्यायची. चहामुळे डाळी-पालेभाजीतलं लोह नीट शोषलं जात नाही, लिंबू पिळलं की जास्त शोषलं जातं, एवढं साधं. चहा तासभर पुढे ढकलला, पण १०.४ नुसत्या खाण्याने वर यायला फार वेळ लागेल म्हणून गोळ्या डॉक्टरांनी दिल्याच. शिवाय बाबांच्या चार्टात दूध एक कप म्हणून हिचंही तेवढंच, दही पण बंद, आणि हाडं भरायचं हेच वय, कॅल्शियम दिवसाला १३०० मिलिग्रॅम लागतं. ती मात्र खूश होती, बारीक होतेय म्हणून. ते मला हिमोग्लोबिनपेक्षा जास्त टोचलं, तिच्याशी वेगळं बसून बोलावं लागलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

"आणि तुम्ही काय खाता?" असं ताईंना विचारलं तर हसल्या. "उरलं ते." वय ४२, पाळी चालू, म्हणजे लोह रोज १८ मिलिग्रॅम हवं, मिस्टरांना ८ पुरतं, आणि जेवायला सगळ्यात शेवटी बसायच्या त्याच!

तीन महिन्यांनी आजी ५५ किलोवर आल्यात, नवी कवळी बसली, अंगठीचा दोरा मात्र अजून आहे. मुलीचं हिमोग्लोबिन १२.१. माझ्या फॉर्ममध्ये आता नावाखाली लगेच 'घरात जेवणारी माणसं आणि वयं' असा रकाना आहे. ताई चौघांची खाण्याची नोंद व्हॉट्सॅपवर पाठवतात, तिघांची अगदी व्यवस्थित वाटी-चमच्यासकट, आणि स्वतःपुढे अजूनही "उरलं ते". पुढच्या वेळी त्यांना एकटीलाच बोलावलंय.