वेव्ह आणि एपीई फाइल्स फ्लॅकमध्ये बदलल्यास आवाजाचा दर्जा घटतो का, आणि विंडोजवर त्या ऐकण्यासाठी कोणता प्लेअर घ्यावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे. शास्त्रीय संगीताच्या सीडींवरून पूर्वी उतरवून घेतलेल्या फाइल्स तुमच्याकडे आहेत. त्यांतील काही वेव्ह आहेत, काही एपीई आहेत आणि एपीईमध्ये बहुतेक ठिकाणी अख्खी सीडी एकाच फाइलमध्ये असून सोबत एक लहानशी क्यू फाइल, म्हणजे कोणता ट्रॅक कोठे सुरू होतो याची मजकूर-नोंद, आहे. हा सगळा संग्रह एका स्वरूपात आणायचा आहे, विंडोज लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड फोनवर ऐकायचा आहे आणि या खटाटोपात दर्जा घसरू द्यायचा नाही.

दर्जाची काळजी तुम्ही सोडून द्यावी. वेव्ह, एपीई, फ्लॅक, अलॅक, वेव्हपॅक ही सर्व लॉसलेस, म्हणजे आवाजातले काहीही न गमावणारी, स्वरूपे आहेत. सीडीवरचे ध्वनिनमुने एकातून दुसऱ्यात नेले आणि पुन्हा परत आणले तरी शेवटच्या बिटापर्यंत तेच राहतात. रूपांतरात खरोखर हरवतात त्या आवाजाबाहेरच्या गोष्टी, म्हणजे ट्रॅकच्या सीमा, कलाकारांची नावे, रागाची व तालाची नोंद. म्हणून स्वरूप आणि प्लेअर या दोन्ही गोष्टी मी या नोंदी कशा टिकतील ते पाहूनच निवडतो.

स्वरूप म्हणून फ्लॅक घ्यावे, याविषयी मला फारशी शंका वाटत नाही. २००१ साली त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, ते मुक्त आहे, विंडोज १० पासून ते विंडोजला थेट वाचता येते आणि अँड्रॉइडवरही ते चालते. सीडीचा आवाज मिनिटाला साधारण १०.६ मेगाबाइट जागा घेतो. फ्लॅकमध्ये सहसा त्याच्या निम्मी किंवा थोडी अधिक जागा लागते. गंमत अशी की जुने मोनो ध्वनिमुद्रण सीडीवर दोन्ही वाहिन्यांत तंतोतंत सारखे असेल, तर फ्लॅक दुसऱ्या वाहिनीसाठी जवळजवळ काहीच जागा खर्च करत नाही. उलट तबकडीवरची खरखर किंवा टेपची सळसळ सहज दबत नाही, त्यामुळे काही जुन्या मैफली अपेक्षेपेक्षा मोठ्या भरतात. एपीई काही वेळा फ्लॅकपेक्षा थोडी कमी जागा घेते हे खरे, पण त्याच्या वरच्या पातळ्यांवर फाइल उलगडायला प्रोसेसरला बरेच कष्ट पडतात आणि फोनवर व लहानसहान यंत्रांवर तिला पाठिंबा तुटपुंजा आहे. वेव्हची अडचण वेगळीच आहे: त्यात नोंदी ठेवण्याची सर्वमान्य अशी सोय नाही आणि एका प्लेअरने लिहिलेली नोंद दुसऱ्याला दिसेलच असे सांगता येत नाही.

फ्लॅकच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट आहे. प्रत्येक फाइलच्या आरंभी मूळ आवाजाची एमडी५ खूण, म्हणजे त्या आवाजावरून गणिताने काढलेला एक आकडा, साठवलेली असते. फाइल उलगडून ती खूण पुन्हा काढली आणि दोन्ही जुळल्या, तर डिस्कवर इतकी वर्षे पडून राहूनही आवाजाचा एकही बिट बदललेला नाही हे कळते. वेव्हला हा पुरावा स्वतःजवळ बाळगता येत नाही.

रूपांतरासाठी तुम्ही फूबार२००० वापरावे, असे मी सुचवेन; २००२ पासून चालू असलेला हा प्लेअर विनामूल्य आहे आणि त्याचा कन्व्हर्टरही त्याच्यातच असतो, फक्त एन्कोडरांचा (फाइल दाबणाऱ्या प्रोग्रॅमांचा) संच आणि एपीई वाचणारा घटक वेगळे उतरवून बसवावे लागतात. एपीई फाइल न उघडता तिची क्यू फाइल उघडावी. मग अख्खी सीडी ट्रॅकनिहाय सुटी दिसते. तेथे आधी नावे तपासून, दुरुस्त करून, मग प्रत्येक ट्रॅकची वेगळी फ्लॅक फाइल करायला सांगावे. याचा क्रम उलटा केल्यास तीच दुरुस्ती फाइलगणिक करत बसावे लागते. कन्व्हर्टरमध्ये डीएसपीची, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या घटकांची, साखळी रिकामी ठेवावी, डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट) बंद ठेवावे, नमुनादर (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या) मूळचाच राहू द्यावा. ४४.१ किलोहर्ट्‌झचा आवाज ९६ वर नेल्याने फाइल फुगते, सूर काही वाढत नाही. दाबण्याची पातळी ५ ठेवली काय आणि ८ ठेवली काय, आकारात सहसा एखाद्या टक्क्याचा फरक पडतो आणि आवाजात शून्य.

काम झाल्यावर फूबारच्या बिट-तुलनेच्या घटकाने जुनी क्यू आणि नव्या फ्लॅक फाइल्स समोरासमोर ठेवून पाहाव्यात. रूपांतर चालू असताना एखाद्या एपीई फाइलवर त्रुटीचा संदेश आला, तर ती फाइल आधीपासूनच बिघडलेली आहे असे समजावे; सीडी हाताशी असेल तर ती एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी उतरवण्याच्या प्रोग्रॅमने नव्याने उतरवणे हाच उपाय. मित्रांकडून आलेल्या फाइल्सबद्दल थोडी सावधगिरी हवी, कारण एमपी३ वरून केलेली फ्लॅक दिसायला लॉसलेस असली तरी गेलेला आवाज तिच्यात परत येत नाही. आवाजातील कंपनसंख्यांचा आलेख काढणाऱ्या स्पेक नावाच्या साध्या प्रोग्रॅममध्ये १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास सरळ रेघ मारल्यासारखा कापलेला आलेख दिसला तर संशय घ्यावा. मात्र ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून केलेल्या मुद्रणांत वरच्या पट्ट्यात मुळातच फारसे काही नसते, म्हणून तेथे एवढ्यावरून निकाल देऊ नये.

आता नोंदी. फ्लॅकमध्ये ठरावीक रकाने भरण्याची सक्ती नाही. राग, ताल, लय, तबल्याची साथ, संवादिनीची साथ असे हवे ते रकाने तुम्ही स्वतः निर्माण करू शकता आणि एका रकान्यात एकाहून अधिक नावेही देऊ शकता. रकान्याचे नाव रोमन लिपीत ठेवावे लागते, आतला मजकूर देवनागरीत चालतो. एकदा ही शिस्त लावली की संग्रहातील सर्व मारवा, गायक कोणीही असो, एका क्लिकवर समोर येतात. लिपी मात्र पहिल्याच दिवशी ठरवावी, कारण अर्धे राग रोमनमध्ये आणि अर्धे देवनागरीत असले तर शोध नेमका हवा त्या वेळी दगा देतो.

या कसोटीवर पाहता ऐकण्यासाठीही फूबार२००० हाच माझा पहिला पर्याय आहे, कारण तुम्ही निर्माण केलेला कोणताही रकाना तो यादीत स्तंभ म्हणून दाखवतो आणि त्यावरून संग्रहाची मांडणी करतो. त्याचे रूप मात्र कचेरीतल्या तक्त्यासारखे रुक्ष आहे, हे मान्य करावे लागेल. मुखपृष्ठांसह देखणी मांडणी हवी असेल तर म्युझिकबी घ्यावा; तोही विनामूल्य आहे आणि त्यातही स्वतःचे रकाने जोडता येतात. व्हीएलसी सगळे काही वाजवतो, पण संग्रह सांभाळण्यासाठी तो नाही. शिवाय विलंबितातून द्रुतात जाताना सीडीवर ट्रॅक बदलतो पण गाणे थांबत नाही. त्या जागी क्षणभराचीही फट पडली तर रसभंग होतो आणि ती फट टाळण्यात फूबार व म्युझिकबी दोघेही चोख आहेत.

अमुक प्लेअरचा आवाज अधिक मोकळा लागतो असे ठामपणे सांगणारे तुम्हाला भेटतील. सर्व इक्वलायझर बंद असतील आणि पातळी सारखी असेल, तर एकाच फाइलमधून सगळे प्लेअर तेच नमुने बाहेर काढतात, म्हणून त्या वादात मी पडत नाही. विंडोज स्वतः मध्ये पडून नमुनादर बदलते, एवढे मात्र खरे. ध्वनियंत्राच्या सेटिंगमध्ये दर ४४.१ किलोहर्ट्‌झ ठेवावा किंवा प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह (विंडोजला मध्ये येऊ न देणारा) आउटपुट निवडावा. वेगवेगळ्या सीडींची पातळी कमीजास्त असेल तर रिप्लेगेन, म्हणजे वाजवताना पातळी जुळवण्याची सोय, अल्बमनिहाय लावावे. त्यात आवाजाला हात न लावता फक्त एक आकडा नोंदवला जातो आणि आलापीचा हळुवारपणा व तराण्याचा जोर यांतील मूळचे अंतर तसेच राहते.

फोनसाठी जागा कमी पडत असेल तर फ्लॅकवरूनच ओपसच्या, म्हणजे आवाजाचा काही भाग टाकून फाइल लहान करणाऱ्या स्वरूपाच्या, १२८ किलोबिटच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये कराव्यात. त्या पुसल्या गेल्या तरी फ्लॅकवरून पुन्हा करता येतात. बिट-तुलना पूर्ण झाली आणि फ्लॅकची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर पोचली की जुन्या एपीई व वेव्ह फाइल्स खुशाल काढून टाकाव्यात. क्यू फाइल्स मात्र ठेवाव्यात, त्या सगळ्या मिळून एका छायाचित्राइतकीही जागा घेणार नाहीत.