प्रोग्रेसोला जहाज आठ तास थांबणार आहे. आईवडिलांना घेऊन चिचेन इत्झा करावं का?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासातल्या गॅल्व्हस्टनहून सुटणारं जहाज मेक्सिकोच्या युकातान राज्यातल्या प्रोग्रेसो बंदराला सकाळी आठला लागतं आणि चारला निघतं, सोबत सत्तरीचे आईवडील आहेत. मग जहाजाचीच चिचेन इत्झाची, म्हणजे प्राचीन माया लोकांच्या पडक्या नगराची सहल घ्यावी, बीचवर बसावं की आणखी काही करावं?

चिचेन इत्झा करू नका. जवळच्या मेरिदा शहरात जा.

आता सविस्तर, कारण हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. एका फेब्रुवारीत सासूसासरे ह्यूस्टनला आले होते तेव्हा आम्ही सगळे याच फेरीला गेलो, डॅलसचे थोरले भावोजी आणि जाऊबाईही होत्या. भावोजींचं एकच पालुपद, "एवढं लांब आलोय आणि सात आश्चर्यांपैकी एक बघायचं नाही म्हणजे काय?" ही सात आश्चर्यं 2007 सालची, इंटरनेट आणि फोनवरून मतं मागवून ठरवलेली. ताजमहालासाठी आपल्याकडून धडाधड एसेमेस गेले, त्यात भावोजींचेही होते. युनेस्कोचा त्या यादीशी काडीचा संबंध नाही. त्यांच्या जागतिक वारशाच्या यादीत चिचेन इत्झा 1988 पासून आहे, ते वेगळं. जागा थोर आहे हे मला मान्यच आहे. माझं भांडण तासांशी आहे.

हिशोब करा. प्रोग्रेसोचा धक्का साडेसहा किलोमीटर लांब आहे. समुद्र इतका उथळ की मोठ्या जहाजाला किनाऱ्याजवळ येताच येत नाही. त्यामुळे उतरल्यावर आधी शटलची रांग. पुढे बसने जायला दोन तास, यायला दोन तास. मधे जागेवर मिळतात एक-दीड तास, तेही ऐन उन्हात. मोठ्या पिरॅमिडवर चढायला बंदी आहे, म्हणजे खालून बघायचं, गाइडने टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकवला की मान डोलवायची, फोटो काढायचा आणि बस गाठायची. सासरे भावोजींबरोबर गेले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "देऊळ झकास आहे, पण गुडघ्यांची वाट लागली." भावोजींना यातला पहिला अर्धाच ऐकू आला.

मी आणि सासूबाई मेरिदाला गेलो. बसने तासाभराच्या आत गाव येतं, भाडंही किरकोळ. स्पॅनिशांनी 1542 साली हे शहर माया लोकांच्या त'हो या नगरावर वसवलं आणि तिथल्या देवळांचे दगड उपसून स्वतःच्या इमारती उठवल्या. चौकातलं कॅथेड्रल 1598 साली पुरं झालं, तेही त्याच दगडांचं. त्याच चौकात, शहर वसवणाऱ्या स्पॅनिश माँतेखोच्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर शिपाई कोरलेत, त्यांचे पाय पराभूतांच्या मुंडक्यांवर. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लाज नाही वाटली यांना, घरावर असलं कोरायला!" एवढा इतिहास मला एका दिवसाला पुरतो.

तिथून आम्ही लुकास दे गाल्वेस बाजारात गेलो. चौकापासून चालत जाता येतं. शेंदरीच्या बियांचं लालभडक वाटण, हबानेरो मिरच्यांचे ढीग, कोळशासारखी काळी वाटणं. सासूबाईंचं माहेर बोर्डीचं, चिकूची वाडी असलेलं. एका पाटीत चिकू दिसले आणि त्या तिथेच थबकल्या. एक उचलला, नखाने सालीवर बारीक ओरखडा काढला. खाली हिरवं दिसलं. ठेवून दिला. दुसरा खरवडला, खाली पिवळट निघालं, तो बाजूला काढला. विकणारी बाई भरतकामाचा पांढरा झगा घालून बसली होती. ती आधी रागाने बघत होती. मग तिनेच एक उचलला, तसाच ओरखडा काढून सासूबाईंपुढे धरला, आणि दोघी मिळून पाटी निवडायला लागल्या. एकीला स्पॅनिश येत नाही, दुसरीला मराठी. भाव मात्र बोटांवर बरोब्बर ठरला.

चिकू मुळात याच भागातला. पूर्वी च्युइंगगम याच झाडाच्या चिकापासून करत. माया देवळांच्या दारांवरच्या तुळयाही चिकूच्याच लाकडाच्या, हजारेक वर्षांनी काही अजून जागच्या जागी आहेत. हे मी त्या रात्री टेबलावर सांगितलं तर भावोजी म्हणाले, "म्हणजे मेक्सिकोत जाऊन तुम्ही चिकू खाल्लेत." हो, खाल्ले. चौकात पांढरी, समोरासमोर बसायची जोडखुर्ची असते, त्यात बसून, हात चिकट होईपर्यंत. आता प्रत्येक गणपतीत पिरॅमिडचा फोटो आणि हे वाक्य दोन्ही निघतात. म्हणून इथे लेखी देतेय: त्या दिवशी भावोजी बसच्या खुर्चीत जितके बसले, त्याच्या निम्माही वेळ त्यांनी पिरॅमिड पाहिला नाही.

पडके अवशेष बघायचेच असतील तर मेरिदाच्या वाटेवर ड्झिबिलचाल्तुन हे माया लोकांचं जुनं नगर आहे. गर्दी कमी, चालणंही झेपेल इतकं. संपाताच्या दिवशी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, उगवता सूर्य तिथल्या सात बाहुल्यांच्या देवळाच्या दारातून दिसतो. उघडं आहे ना, ते मात्र आधी बघून घ्या.

बीचचं विचारलंत. पाणी उथळ आहे, कंबरेइतक्या पाण्यात खूप आत जाता येतं, लहान मुलं असतील तर ठीक. आईवडिलांना छत्रीखाली खुर्चीत बसवायचं असेल तर जहाजावर काय कमी खुर्च्या आहेत? जवळच्याच चिक्शुलुब नावाच्या गावावरून त्या प्रसिद्ध विवराचं नाव पडलं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जी उल्का पडली आणि डायनासोर संपले, तिचं ते विवर. सगळं गाळाखाली आणि समुद्राखाली गाडलेलं, दिसत काहीच नाही, पण वडिलांना सांगायला बरं.

तुमच्या वडिलांचं वर्षानुवर्षांचं स्वप्नच चिचेन इत्झा असेल तर माझं ऐकू नका, जा. पण शक्य असेल तर क्रूझ सोडून कधीतरी विमानाने जा, चिचेन इत्झाजवळच्या वायादोलिद गावात मुक्काम करा आणि सकाळी दार उघडताच आत शिरा. आणि इतक्या लांब जायचंच तर जहाजाचीच सहल घ्या. तिला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही. शाकाहारी असाल तर घेवड्याच्या उसळीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते, विचारूनच खा. बाजारात पेसोच न्या. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की कप्तान प्रोग्रेसो सरळ वगळतो, तेव्हा आगाऊ पैसे भरताना परतीची अट वाचा.

उन्हाळ्यात जात असाल तर घड्याळ सांभाळा. युकातानात आता घड्याळं पुढेमागे करत नाहीत, टेक्सासात करतात. मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत गॅल्व्हस्टनचं घड्याळ तासभर पुढे असतं. जहाज आपल्याच वेळेवर चालत असेल आणि फोनने तिथलं नेटवर्क पकडलं, तर फोनवर तीन वाजलेले असताना जहाजावर चार वाजलेले असतात. वडिलांना हातात जुनं मनगटी घड्याळ घालायला सांगा.